आभाळ आलं की सुटणारी जनावरं

त्या दिवशी परिपाठ संपत आला होता आणि शाळेच्या फाटकातून तीन माणसं आत आली. तिघंही गावातले शेतकरी, तिघंही चिडलेले. पुढच्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, "सर, तुमच्या शाळेतलं कुनीतरी लेकरू आमची जनावरं सोडतंय."

सरांना आधी कळलंच नाही. मलाही नाही. मग त्यानं नीट सांगितलं. पंधरा दिवसांत चार वेळा असं झालं होतं. रस्त्याकडेला, लिंबाखाली, गोठ्यापुढं बांधलेली जनावरं भर दुपारी कुणीतरी सोडून देत होतं. चोरी नाही. नुसतं दावं सोडायचं आणि निघून जायचं. एकाची म्हैस शेजाऱ्याच्या कोवळ्या ज्वारीत शिरली होती आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. दुसऱ्याची शेळी अजून सापडली नव्हती.

"आन् चारी बारीला आभाळ आलेलं हुतं," तिसरा, वयानं मोठा, हळूच म्हणाला. बाकीच्या दोघांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

सर शांत माणूस. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. "बघतो, जिम्मा माझा," म्हणून त्यांनी तिघांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मग मला म्हणाले, "मॅडम, मधल्या सुट्टीत बाहेर पडणारी पोरं तुमच्याच वर्गातली. जरा नजर ठेवा."

मी लोहारा तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. राहते लोहाऱ्यात, रोज स्कूटीवर ये-जा करते. शाळेचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुनं गाव ओढ्यापलीकडं होतं. तिथं आता शेतं आहेत आणि शेतातच राहणारी दहा-बारा घरं. त्या घरांतली मुलं ओढ्यावरचा ठेंगणा नळ्यांचा पूल ओलांडून शाळेत येतात.

त्याच पुलावरून भाद्रपदात पाणी गेलं होतं. आमच्याकडं पाऊस असा पडत नाही. आम्हाला टँकर माहीत, विकतचा कडबा माहीत, पाण्यासाठी भांडणं माहीत. त्या वेळी मात्र तो दोन दिवस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा उघडीप झाली म्हणून लोक शेतात गेले आणि दुपारी वरच्या अंगाचं पाणी एकदम खाली आलं. काढणीला आलेलं सोयाबीन गेलं, त्याखालची माती गेली, गोठे गेले. माणूस कुणी गेलं नाही, त्यामुळं जो तो म्हणे, वाचलो. शाळा आठवड्यानं उघडली. मुलं आली, बसली, पाढे म्हणू लागली. सगळं जागेवर आलं असं मी धरून चालले.

माझं स्वतःचं काही जागेवर आलं नव्हतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ढग दिसला की फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. मोबाईल काढून पावसाचा अंदाज बघायचे, पाच मिनिटांनी परत बघायचे. घरी खिडकी लावायला उठायचे तर ती लावलेलीच असायची. "किती उठ-बस करतेस?" नवरा विचारायचा. मी म्हणायचे, "काही नाही, दूध बघून येते."

दिवाळीच्या आधी आम्हा शिक्षकांचं लोहाऱ्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. हवामान बदलतंय ते मुलांना कसं शिकवायचं आणि अशा संकटानंतर त्यांच्या मनाला कसं सांभाळायचं, असा विषय. शिकवायला आलेली मुलगी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. मी मागच्या बाकावर बसून ऑनलाइन माहिती भरायचं राहिलेलं काम उरकत होते. तिचं एकच वाक्य कानावर पडलं आणि राहिलं. ती म्हणाली, मुलं सांगत नाहीत, करून दाखवतात. मला ते पुस्तकी वाटलं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं तसं मी वर्गात चित्रं काढायला लावली. विषय दिला, पुराचा दिवस. मुलांनी वाहणारे पत्रे काढले, जेसीबी काढला, बोटीतली माणसं काढली, जी आमच्याकडं आलीच नव्हती. दुसऱ्या रांगेत ओढ्यापलीकडून येणारी एक मुलगी बसते. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. तिनं कागदाच्या मधोमध फक्त एक खुंटा आणि त्याला दोरी काढली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

"पाऊस कुठं आहे गं यात? पूर्ण कर," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

तिनं खोडरबर घेतलं आणि कागद फाटेपर्यंत ते खोडत राहिली. मी तो फाटका कागद बाजूला ठेवला, बाकीची चित्रं मुलांच्या हातात देऊन फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली पाच-सहा अंगठे आले.

जनावरांची तक्रार आली तेव्हा मला ते चित्र आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी मस्तीखोर मुलांवर नजर ठेवून बसले.

गुरुवारी खिचडी वाढली जात होती आणि दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. अवेळीचं, काळं. व्हरांड्यात मुलांच्या पंगती बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणं वर बघत होते, आणि खाली बघितलं तर एक भरलेलं ताट तसंच पडलेलं. त्यापुढं कुणी नाही. मी फाटकातून बाहेर पडले आणि जवळजवळ पळतच शाळेच्या मागच्या बोळात गेले.

लिंबाखाली एक पांढरी गाय बांधली होती. ती मुलगी गुडघ्यावर बसून खुंट्याची गाठ सोडत होती. नखांनी होईना म्हणून दातांनी ओढत होती. बोटांच्या टोकांतून रक्त आलं होतं.

"अगं, काय करतेस हे?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "बाई, सुटंना. तुमी वढा."

आणि मी ओढली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. रागवायला आलेली मी तिच्याशेजारी मातीत बसले आणि दोघींनी मिळून ती गाठ सोडली. दावं मोकळं झालं. गाय मात्र हलली नाही. आमच्याकडं बघत, रवंथ करत उभी राहिली.

"जा की," मुलगी तिला ढकलत म्हणाली. "जा की गं. पानी यील." मग तिचा जोर संपला आणि ती तिथंच बसली. पाऊस चार थेंब पडला आणि थांबला.

"गाठ म्याच मारली हुती, बाई," ती म्हणाली.

"कुठली?"

मग तिनं सांगितलं. सगळं एका दमात नाही. मधे थांबत, मातीत काडीनं रेघा ओढत. त्या दिवशी उघडीप पडल्यावर तिचे आईवडील वरच्या शेतात गेले होते. ती घरी एकटी होती. गोठ्यात गाय आणि तिचं तीन महिन्यांचं वासरू. सकाळी वासरानं दावं सोडवून सगळं दूध पिऊन टाकलं होतं आणि आई हिच्यावर ओरडली होती. म्हणून हिनं त्याला पुन्हा बांधताना निरगाठ मारली होती, एकावर एक दोन. दुपारी पाणी गोठ्यात शिरलं. गाईचं दावं आईनं बांधलेलं, ते सुटलं. वासराचं भिजून फुगलं, सुटेना. पाणी हिच्या कमरेला आलं.

"मंग म्या गेले," ती म्हणाली. "बांदावर चडले. ते माज्याकडंच बगत हुतं."

आईवडिलांना तिनं सांगितलं होतं की दावं तुटलं. आई म्हणाली होती, पोरगी हाय ना, बास. त्यानंतर घरात वासराचा विषय कुणी काढला नव्हता. शाळेतही कुणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं ते एवढंच, की पाऊस कुठं आहे.

मी तिच्या बोटांना रुमाल गुंडाळला. तिनं मान वर करून मला विचारलं, "बाई, तुमाला असं कवा झालंय का?"

मी म्हणाले, "चल, खिचडी गार झाली."

या उत्तराची लाज मला अजून वाटते, कारण मला असं झालेलं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. आमचं घर दगडामातीचं, एकत्र कुटुंबाचं. उकाडा होता म्हणून दाराजवळच्या जागेवरून मी आणि माझी चुलत बहीण भांडलो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी रडून जागा मिळवली आणि ती आत भिंतीकडं जाऊन झोपली. मला दाराशेजारून काढलं, तिला काढता आलं नाही. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पुष्कळ माणसं येत, घरात किती होते, किती राहिले, विचारत. कोण कुठं झोपलं होतं हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. लग्न झालं, नोकरी लागली, तरी नाही.

त्या संध्याकाळी मी प्रशिक्षणातल्या त्या मुलीला फोन केला. मागच्या बाकावरची मी तिला आठवत असण्याचं कारण नव्हतं, तरी तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, तिचा दोष नाही हे तिला सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. ती जनावरं सोडतेय म्हणजे काहीतरी करायला बघतेय. त्या करण्याला चांगली वाट द्या.

वाट कुठली, ते तिनं सांगितलं नाही. तीन रात्री मला झोप नीट लागली नाही. शेवटी मी त्या वयस्कर शेतकऱ्याकडं गेले. त्यांना सगळं गाव मामा म्हणतं. आभाळाची गोष्ट त्यांच्याच ध्यानात आली होती आणि ती पांढरी गायही त्यांचीच होती. आधी मी त्या मुलीच्या आईला भेटून सगळं सांगितलं होतं. आई कर्नाटकाकडची, जनावरांशी कानडीतच बोलते. तिनं ऐकलं आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मी वरडले नसते तर तिनं तशी गाठ मारली नसती." म्हणजे त्या घरात दोघी एकच ओझं वेगवेगळ्या कोपऱ्यात घेऊन बसल्या होत्या. मामांना सांगायला तिनं हरकत घेतली नाही.

मामा ओट्यावर बसून ऐकत राहिले. मला वाटलं, हरवलेल्या शेळीचं कोण भरून देणार, ते विचारतील. ते म्हणाले, "बाई, पावसाळ्यात निरगाठ मारूच नये. माजा बाप सुरगाठ मारायचा. येक टोक वढलं की दावं मोकळं. आता कोन शिकवतंय पोरास्नी? उद्या येतो शाळंत."

आणि ते आले. खांद्यावर जुन्या दाव्यांचा भारा घेऊन. व्हरांड्यात मांडी घालून बसले आणि खांबाला दावं बांधून मुलांना दाखवू लागले. फास कसा घ्यायचा, टोक किती मोकळं ठेवायचं, जनावरानं ओढलं तर गाठ घट्ट कशी होते आणि माणसानं ओढलं तर कशी सुटते. मुलांनी एकमेकांचे हात बांधले, बाकं बांधली, सरांची खुर्ची बांधली. ती मुलगी लांब उभी होती. पहिल्या दिवशी तिनं दाव्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामांनी तिला बोलावलं नाही, मीही नाही, आणि न बोलावणं मला फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी ती येऊन त्यांच्याजवळ बसली. तिची गाठ सगळ्यांत नीट आली. मग दावं भिजवून सुटतं का, हे तिनं स्वतःच बादलीत बुडवून बघितलं. सुटलं. तिनं पुन्हा बुडवलं, पुन्हा सोडलं. अकरा-बारा वेळा. मी मोजायचं सोडून दिलं.

तिथून पुढं आमचं काम आपोआप वाढत गेलं. पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि पाणी इथं किती वेळानं येतं, हा भूगोलाचा तास झाला. प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं. ओढा कोरडा असताना सर स्वतः मुलांना घेऊन पुलावर गेले आणि पुलाजवळच्या एका खांबावर ऑइलपेंटनं तीन पट्टे मारले, हिरवा, पिवळा, तांबडा. "पोरं पाण्याजवळ जायची नाहीत," सरांनी बजावलं. "लांबून बघायचं आन् मोठ्यांना सांगायचं. जनावरं सोडायचं काम मोठ्यांचं." ओढ्याकाठी कुणाची किती जनावरं, कुणाला फोन करायचा, शेतात कुणी नसेल तर शेजारी कोण, याची यादी मुलांनीच केली. ज्यांचं ज्वारीवरून बोलणं बंद झालं होतं, ती दोन घरं यादीत शेजारी म्हणून एकमेकांपुढं आली. त्यांनी नावं काढून टाकायला सांगितली नाहीत. त्याहून जास्त काही झालं नाही.

रोज पाच मिनिटं आम्ही एक गोष्ट ठेवली. आज पोटात कसं वाटतंय, ते ज्याला सांगायचं त्यानं सांगायचं. कुणाला काही बोलायचं नसायचं. कुणी म्हणायचं, वडील रात्रभर बसून असतात. कुणी म्हणायचं, भूक लागली. सगळंच खरं असायचं.

पण मुलांचं ऐकता ऐकता माझी बेचैनी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या काकूकडं गेले. त्या चुलत बहिणीची आई. आता थकली आहे, एका कानानं ऐकते. दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसले, दोन शेंगा फोडल्या आणि सांगून टाकलं. दाराजवळची जागा माझी नव्हती, मी भांडून घेतली होती.

काकूचे हात थांबले. मला उठून जावंसं वाटलं, पण बसून राहिले. मग ती म्हणाली, "उकाडा लई हुता तवा. तुमी दोघी रोजच भांडायच्या जागेवरून. कवा ती जिंकायची, कवा तू." मग हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली, "म्या तिला आत नीज म्हनले हुते. भिंतीकडं गार लागतंय म्हनून." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. संध्याकाळी निघताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. आम्ही दोघी त्याबद्दल पुन्हा बोललो नाही, पण त्यानंतर ती आठवड्यातून एकदा फोन करते. आधी करत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ओढा एकदाच मोठा आला. मंगळवार होता, तिसरा तास. ती मुलगी आता सहावीत, शेजारच्या वर्गात. पलीकडच्या एका घरातून फोन आला, पाणी पिवळ्या पट्ट्याला लागलंय. सरांनी यादी काढली आणि फोन सुरू केले. मी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. ती माझ्याजवळ आली. "बाई, कितीवर आलं?" ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, आणि मी दर वेळी सरांना विचारून तिला खरं उत्तर देत होते. तांबड्याच्या जरा खाली. तांबड्याला लागलं. तुझ्या आईनं गाय सोडली, वर नेली. हे कळल्यावर ती खाली बसली आणि रडली. मोठ्यानं, सगळ्यांपुढं. कुणी हसलं नाही. तिच्या मैत्रिणीनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

त्या दिवशी एकही जनावर गेलं नाही. कोंबड्यांची दोन खुराडी गेली, एकाची पाण्याची मोटार गेली, पुलाचा एक कठडा गेला. सोयाबीन याही वेळी पाण्यात उभं राहिलं, त्याला आमची कुठली गाठ उपयोगाची नव्हती. पलीकडची मुलं त्या रात्री शाळेजवळच्या घरांत मुक्कामाला राहिली. मी लोहाऱ्याला गेले नाही, त्यांच्याबरोबरच थांबले.

यंदा मात्र पाऊस ओढ देतोय. पेरणी होऊन तीन आठवडे झाले, रोपं माना टाकताहेत. मुलं आता दुसरंच विचारतात. पाणी आलं तर काय करायचं ते कळलं, बाई, पण आलंच नाही तर? या प्रश्नाला माझ्याकडं पट्टे नाहीत. मी रोज काहीतरी सांगते आणि सांगितल्यावर मलाच ते पुरेसं वाटत नाही. दुष्काळात मामांच्या वडिलांनी काय केलं होतं, जनावरं कशी जगवली, हे मुलांना त्यांच्या तोंडून ऐकवावं असं डोक्यात आहे. त्यांची तब्येत बरी नाही असं परवा कळलं. शाळा सुटली की आज आधी त्यांच्याकडं जाऊन येणार आहे. ती मुलगी म्हणाली, मीही येते.